गार वाऱ्याचा अर्थ

'बेलापुरात धो धो पडला आणि आमच्याकडे फुफाटासुद्धा बसला नाही.' मे महिन्यात श्रीरामपूरच्या बाजारात, एसटी स्टँडवर किंवा रुग्णालयातल्या केसपेपरच्या रांगेत हे वाक्य एकदा तरी कानावर येतेच. दोन गावांत अंतर ते किती, सायकलवर अर्ध्या तासाचे. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपले शेतकरी वळवाच्या पावसाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. त्यानंतरचे वाक्यही ठरलेले असते : 'हवामान खात्याला काही कळत नाही.'

हवामान खात्याची वकिली करण्याचे मला कारण नाही. पण खाते जे शब्द वापरते ते आपण नीट वाचत नाही, हे खरे आहे. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ 'थोडासा पाऊस' असा नाही. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल, असा तो अर्थ आहे. निम्म्या केंद्रांपर्यंत पाऊस असेल तर 'काही ठिकाणी' म्हणतात. म्हणजे 'तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस' या अंदाजात चारपैकी तीन गावे कोरडी राहणार, हे आधीच सांगितलेले असते. चौथ्या गावात मात्र तासाभरात ओढे वाहू लागतात, झाडे पडतात आणि कधी कधी एखाद्या घरातला कर्ता माणूस विजेने जातो. त्या चौथ्या गावाशी आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो. म्हणूनच आरोग्याच्या या सदरात आज ढगांविषयी लिहितो आहे.

ढग आकाशात कसेही विखुरलेले नसतात. ते पुंजक्याने येतात, पुंजक्याने वाढतात आणि एक ढग विरताना दुसऱ्याला जन्म देतो. हे एकदा समजले की वळवाच्या दिवशी शेतात कधी थांबायचे आणि कधी निघायचे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

आधी एकटा ढग पाहू. मे महिन्यातली दुपार आहे. नांगरलेली काळी जमीन तापली आहे. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. वर दाब कमी म्हणून ती पसरते, पसरली की थंड होते, आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. घामाचे पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते, त्याची ही उलट बाजू. ही उष्णता ढगातल्या हवेला आणखी वर ढकलते. ओल पुरेशी असेल तर असा ढग बारा ते पंधरा किलोमीटर उंच जातो. एव्हरेस्टपेक्षाही उंच.

पण एकट्या ढगाचे आयुष्य फार थोडे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६-४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायो या राज्यांत विमाने थेट वादळी ढगांत घुसवून त्यांचा अभ्यास झाला. त्यातून जे चित्र मिळाले ते आजही शिकवले जाते. ढगाला तीन अवस्था असतात : वाढीची, भराची आणि उताराची. तिन्ही मिळून अर्धा ते एक तास. भराच्या अवस्थेत पाऊस पडू लागतो आणि तोच पाऊस ढगाचा घात करतो. खाली पडणारे थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत अंशतः उडून जातात, त्यामुळे ती हवा गार आणि जड होते आणि पावसाबरोबर खाली कोसळते. वर येणाऱ्या गरम हवेची वाट बंद होते. ढगाचा चुलाच विझतो.

कोसळलेली ती गार हवा जमिनीत तर शिरू शकत नाही. ती चहूकडे पसरते. फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी पसरते, तशी. हवामानशास्त्रज्ञ याला थंड हवेचे तळे म्हणतात. ते जेमतेम एक किलोमीटर जाड असते, पण कित्येक किलोमीटर दूर धावत जाते. तिची पुढची कड आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा उकाडा एकदम तुटतो, पारा पाच-दहा अंशांनी उतरतो, धूळ उठते, पत्रे वाजतात, आणि घरातले कोणीतरी म्हणते, 'कुठेतरी पाऊस झाला वाटतं.' अगदी बरोबर निदान. कुठेतरी पाऊस झालेला असतो, म्हणूनच हा वारा आलेला असतो.

आपण तिथेच थांबतो, ढग मात्र थांबत नाहीत. गार हवेची ही कड जड असते. ती पाचरीसारखी समोरच्या गरम, दमट हवेखाली शिरते आणि तिला वर उचलते. जी हवा नुसत्या उन्हाने वर चढायला कुरकुरत होती, तिला आयताच धक्का मिळतो. तिथे नवा ढग उभा राहतो. राहुरीवर विरलेल्या ढगाचे बी असे देवळालीत किंवा बेलापुरात रुजते. दोन बाजूंनी आलेल्या दोन तळ्यांच्या कडा जिथे एकमेकींना धडकतात तिथे तर उचल दुप्पट होते आणि नवा ढग आधीच्यांपेक्षा जोरकस निघतो. गार वारा सुटल्यावर 'पाऊस तिकडेच गेला' असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा पुढचा ढग आपल्या डोक्यावरच तयार होत असतो.

पुंजका होण्याचे दुसरे कारण शेजाराचे आहे. एकटा ढग कोरड्या हवेत वर चढतो तेव्हा त्याच्या कडांतून कोरडी हवा आत घुसत राहते, थेंब उडून जातात आणि ढग कापसासारखा फुलून तसाच विरतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी असे हुलकावणी देणारे ढग आपण रोज पाहतो. पण जिथे आधीच एक-दोन ढग विरून गेले आहेत तिथली हवा ओली झालेली असते. तिसऱ्या ढगाला ती ओल मिळते, त्याची झीज कमी होते, तो उंच जातो. जिथे पडला तिथेच पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. भरलेल्या ताटात आणखी वाढावे, तसे.

संगणकावर केलेला एक प्रयोग मला यापेक्षाही विलक्षण वाटतो. १९९३ मध्ये आयझॅक हेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काल्पनिक समुद्र घेतला. सगळीकडे तापमान सारखे, जमीन नाही, डोंगर नाहीत, पृथ्वीचे फिरणेही नाही. अशा समुद्रावर ढग सगळीकडे सारखेच उगवायला हवेत. पण काही दिवसांनी ढग एका बाजूला गोळा झाले आणि बाकीचे आकाश कोरडे पडले. पुढे २००५ मध्ये ख्रिस्तोफर ब्रेदरटन आणि सहकाऱ्यांनी अधिक मोठ्या क्षेत्रावर तेच दाखवले. कारण शोधले तेव्हा उष्णतेचा हिशेब पुढे आला. ओली हवा आणि उंच ढग यांचे पांघरूण जमिनीजवळची उष्णता धरून ठेवते. कोरड्या भागात पांघरूण नाही, त्यामुळे तिथली उष्णता अवकाशात निघून जाते, हवा थंड होऊन खाली बसते आणि जमिनीलगत ओल्या भागाकडे वाहू लागते. जाताना स्वतःजवळची उरलीसुरली ओलही घेऊन जाते. कोरडे अधिक कोरडे, ओले अधिक ओले. कोणी बाहेरून ढकलले नाही, तरी विषमता आतूनच तयार झाली. खऱ्या आकाशात वारे, डोंगर, समुद्र आणि दिवस-रात्र यांची भर पडते, त्यामुळे चित्र इतके स्वच्छ दिसत नाही. पण ढगांना मुळातच कळपाची ओढ आहे, एवढे त्या प्रयोगाने पक्के केले.

जाता जाता एक गंमत. अटलांटिक समुद्रावरच्या ठेंगण्या ढगांचे उपग्रहातून दिसणारे चार नमुने शास्त्रज्ञांनी अलीकडे ठरवले आणि त्यांना नावे दिली : साखर, खडी, मासे आणि फुले. भुरभुरलेले बारीक ढग म्हणजे साखर. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला एखादा शास्त्रज्ञ त्या बैठकीत असता तर मळी आणि चिपाडही यादीत आले असते.

असे अनेक ढग जुळून पावसाचा एकच पट्टा शंभर किलोमीटरच्या पुढे गेला की ते प्रकरण वेगळे होते. एकटा ढग तासाभरात संपतो, हा समूह सहा, दहा, बारा तास चालतो. पुढच्या कडेला नवे उंच ढग उगवत राहतात आणि मागे जुन्या ढगांचा पसरट थर उरतो. त्यातून तासन्‌तास शांत रिमझिम पडते. उष्ण कटिबंधातला निम्म्याहून अधिक पाऊस अशा मोठ्या समूहांतून येतो. म्हणजे आपली धरणे भरतात ती यांच्यामुळे आणि आपली शहरे बुडतात तीही यांच्यामुळेच.

शहर बुडण्याचे उदाहरण महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत, त्याच शहरात, सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत तो होता ७३ मिलीमीटर. आपल्या तालुक्यात जवळपास दोन वर्षांत पडतो एवढा पाऊस उपनगरात एका दिवसात आणि दक्षिण मुंबईत जुलैमधला एक साधा पावसाळी दिवस. ढग त्याच जागी पुन्हा पुन्हा उभे राहत होते आणि समूह पुढे सरकत नव्हता. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसची जी लाट आली, ती गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसांची होती. साथीचा नकाशा त्या दिवशी ढगांनी आखला होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्याकडची तऱ्हा मुंबईपेक्षा वेगळी आहे, आणि ती एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलीमीटरच्या घरात जातो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या श्रीरामपूरला तो पाचशेच्या आसपास. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून आणि कालव्यातून आले नसते तर इथे ऊस दिसलाच नसता. घाटमाथ्यावर जुलैत ढग ठेंगणे असतात. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढते आणि दिवसरात्र संततधार लागते, पण वीज क्वचितच चमकते. घाटाच्या पूर्वेला, आपल्या पर्जन्यछायेत, ढग कमी पण उंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला उंचावरची ढग-प्रयोगशाळा चालवली आहे आणि मांढरदेवच्या डोंगरावर रडार लावले. तिथल्या नोंदींतून घाटाच्या दोन बाजूंच्या ढगांतला हा फरक बारकाईने पुढे आला आहे.

उंच ढग म्हणजे आत बर्फ, आणि बर्फ म्हणजे वीज. ढगाच्या वरच्या भागात बर्फाचे हलके स्फटिक आणि जड गारगोळे एकमेकांवर आदळतात, एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार बसतो, हलके वर जातात, जड खाली राहतात. आकाशात एक अवाढव्य बॅटरी तयार होते. म्हणून कोकणातला माणूस पावसाला भितो तो पुरामुळे आणि नगर-मराठवाड्यातल्या माणसाने भ्यायचे ते विजेला. त्यातही मृगाच्या आधीच्या वळवाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. नैसर्गिक आपत्तींनी झालेल्या त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंत हा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. पुराच्या बातमीला हेलिकॉप्टर जाते. विजेचे मृत्यू एकेक करून, वेगवेगळ्या शिवारांत होतात, म्हणून ते आतल्या पानावर चार ओळींत संपतात. मेलेली माणसे बहुतेक शेतात काम करणारी, गुरे-मेंढ्या राखणारी, झाडाखाली आडोशाला थांबलेली असतात.

झाडाखाली थांबू नये हे सगळ्यांना पाठ आहे, तरी का थांबू नये हे फार थोड्यांना माहीत असते. विजेने मरणाऱ्यांपैकी थेट अंगावर वीज पडलेले अगदी थोडे असतात. वीज झाडावर पडते, तिथून शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, आणि मुळांतून जमिनीत उतरून चहूकडे पसरते. म्हणून एका लिंबाखाली उभे असलेले चौघे एकदम पडतात. जमिनीतून पसरणारी वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, म्हणून मेंढ्यांचे कळपच्या कळप जागीच बसतात. मोकळ्या रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा असे सांगतात ते याचसाठी. पण तो अगदी शेवटचा उपाय. पक्के घर किंवा टपाचे चारचाकी वाहन गाठणे हाच खरा उपाय. शेतातले पत्र्याचे उघडे शेड, कोपी किंवा ट्रॅक्टर यांचा भरवसा धरू नये.

निघायचे कधी, हा प्रश्न उरतो. पावसाचा थेंब पडल्यावर निघणे म्हणजे उशीर. वीज पावसाच्या हद्दीबाहेर दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. गडगडाट साधारण तेवढ्याच अंतरावरून ऐकू येतो, म्हणून ऐकू आला याचा अर्थच तुम्ही टप्प्यात आहात. आणि गार वारा अंगाला लागला तर जवळपासच्या एका ढगाने आपले काम उरकले आहे आणि दुसरा तयार होतो आहे, असे समजावे. उकाड्याने हैराण झालेला माणूस त्या वाऱ्याला छाती उघडी करून उभा राहतो. तेच क्षण घरी पळण्याचे असतात. पुण्याच्या त्याच संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाईल ॲप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज होत असेल तर इशारा देते, फुकट मिळते, मराठीतही वापरता येते. गावात एकाच्या मोबाईलमध्ये असले आणि देवळाचा भोंगा हाताशी असला तरी पुरते.

पाऊस ओसरला म्हणून लगेच बाहेर पडणे हीसुद्धा एक जीवघेणी सवय आहे. समूहाच्या मागच्या पसरट थरात वीज रेंगाळते आणि आडवी लांबच लांब धावते. जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेली सर्वात लांब वीज अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अशाच एका समूहात झाली. लांबी ८२९ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या रेल्वेच्या अंतराएवढी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे हा नियम रिमझिम चालू असतानाही लागू आहे.

आता माझ्या कामाचा भाग. विजेचा झटका बसलेल्या माणसांपैकी दहातले जवळपास नऊ जगतात. जे जातात ते बहुतेक जागीच, हृदय आणि श्वास एकदम थांबल्यामुळे. पण या थांबण्यात एक मेख आहे. हृदयाला स्वतःची चाल असते, ते पुष्कळदा काही क्षणांत आपणहून पुन्हा सुरू होते. मेंदूतले श्वासाचे केंद्र मात्र जास्त वेळ बधिर राहते. तेवढी मिनिटे कोणी श्वास दिला नाही तर प्राणवायूअभावी तेच हृदय दुसऱ्यांदा थांबते आणि मग उठत नाही. म्हणून अपघातात आम्ही जो क्रम लावतो, तो इथे उलटा होतो. एरवी जिवंत दिसणाऱ्याकडे आधी धावायचे असते. वीज पडून चौघे पडले असतील तर जो कण्हतो आहे तो बहुधा वाचणार, जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जायचे. छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेगाने दाब; तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास; दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन. मात्र वीज अजून कडाडत असेल तर आधी स्वतःला आणि त्याला सुरक्षित जागी न्या.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो, हा समज गावोगाव आहे आणि तो साफ खोटा आहे. अंगात वीज साठून राहत नाही. तारेला चिकटलेल्या माणसाशी याची गल्लत होते. शेणात किंवा चिखलात गाडून ठेवण्याचे प्रकार मध्य भारतातून अधूनमधून बातम्यांत येतात. ज्या पाच मिनिटांत श्वास द्यायचा, ती खड्डा खणण्यात जातात. हातपाय निळे, थंड आणि लुळे पडले म्हणजे माणूस संपला असेही नाही. विजेनंतरचा हा लुळेपणा पुष्कळदा काही तासांत उतरतो. कानाचे पडदे फाटलेले असतात, म्हणून हाका मारल्या तर त्याला ऐकू येत नाही. उठून चालू लागला तरी त्याला रुग्णालयात आणा. हृदयाचा आलेख काढावाच लागतो.

त्याच गार वाऱ्याची दुसरी, कमी माहीत असलेली बाजू दम्याची. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नवर वादळाची अशीच कड आली. गवताचे परागकण ओल्या हवेत फुटून बारीक झाले आणि वाऱ्याने शहरभर पसरले. दीड दिवसात हजारो माणसे श्वास लागून रुग्णालयांत आली, दहा मेली. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकही नव्हते. आपल्याकडे परागापेक्षा धूळ जास्त. दम्याच्या रुग्णांनी वळवाची धूळ उठताना अंगणात उभे राहू नये, खिडक्या लावून घ्याव्यात आणि पंप हाताशी ठेवावा.

एवढे सगळे माणसाने करायचे, मग यंत्रणेने काय करायचे? इथे मला थोडे रोखठोक बोलावेसे वाटते. आकाशातले ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतात. अतिवृष्टीची मदत मिळण्यासाठी मात्र महसूल मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस नोंदला जावा लागतो. 'महावेध' प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे बसली, दोन हजारांहून अधिक, हे काम चांगलेच झाले. पण राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर येतात. ताटाएवढ्या तोंडाच्या मापकाने वीसेक गावांचे नशीब ठरवायचे. मुंबईत २५ किलोमीटरवर ९४४ आणि ७३ असा फरक पडतो हे आपण वीस वर्षांपूर्वी पाहिले. तरीही 'मापकात ४० भरला म्हणून तुमच्या शेतात पडलाच नाही' असे शेतकऱ्याला सांगणे विज्ञानाला धरून नाही. गावागणिक मापक बसवावा आणि त्याची रडारच्या चित्राशी सांगड घालावी.

रडारचे म्हणाल तर मुंबईचे रडार श्रीरामपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आणि सोलापूरचे अडीचशेच्या आसपास. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वाकत जाते. दोनशे किलोमीटरवर पोहोचेपर्यंत तो किरण आपल्या डोक्यावर चार किलोमीटर उंच गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री. उंच ढगाचा माथा त्याला दिसेल, पण एक किलोमीटर जाडीचे थंड हवेचे तळे दिसणार नाही. पुढचा ढग कुठे उगवणार हे तर त्या तळ्यावरच ठरते. उपग्रहही वरूनच पाहतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'मिशन मौसम'साठी दोन हजार कोटी मंजूर केले. त्यातली रडारे बसवताना पर्जन्यछायेतल्या तालुक्यांची ही अडचण मोजली जावी. तीन तासांचा तात्कालिक इशारा देणाऱ्याला डोळेच दूर असतील तर तो जिल्ह्याचे नाव घेऊन मोकळा होणार, दुसरे काय करणार?

पुण्याच्या संस्थेने सोलापूरला २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे शास्त्रशुद्ध प्रयोग केले. वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जादा पाऊस मोजला गेला. दुष्काळात 'विमान फिरवा' अशी मागणी करणाऱ्यांनी हे वाचावे. तयार, ओला ढग असेल तर त्याच्याकडून थोडे अधिक मिळते, एवढाच त्याचा अर्थ. पुंजका जमलाच नसेल तर विमान फिरून काय करणार? दुसरीकडे त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणजे समूह जमला तर तो पूर्वीपेक्षा भरलेला असणार.

शेवटी कांद्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा काढून शेतात पोळी मारून ठेवलेला असतो. वर्षाची कमाई उघड्यावर पडलेली. ढग आले, वारा सुटला की सगळे घर ताडपत्री घेऊन शेताकडे पळते, म्हणजे नेमके जेव्हा शेतातून घराकडे पळायला हवे तेव्हा. त्या माणसाला 'जिवापेक्षा कांदा मोठा नाही' असे शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. त्याला वेळ सांगता येते. वळवाचे ढग बहुधा दुपारी तीननंतर भरात येतात. सकाळच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी विजांसह' असे शब्द असतील किंवा दामिनीत आदल्या दिवशी आजूबाजूच्या तालुक्यांत विजा दिसल्या असतील, तर ताडपत्री जेवणाआधी, ऊन असतानाच टाकावी आणि कडेला दगड-माती रचावी. पाऊस आला नाही तर संध्याकाळी काढून कांद्याला हवा द्यावी. त्यात दोन माणसांची तासाभराची मेहनत जाते.